अंक, अक्षर आणि वाचा : सुशिक्षितांच्या तोंडी हिशेबाविषयी

१

तिरुवळ्ळुवरांचा संबंध परंपरेने मैलापूरशी जोडला जातो. त्यांच्या नावाचे एक मंदिरही येथे आहे. 'तिरुक्कुरळ'च्या चाळिसाव्या अधिकाराचा विषय शिक्षण हा असून त्यात अंक आणि अक्षर या दोहोंना माणसाच्या दोन डोळ्यांची उपमा दिलेली आहे. या उपमेत अंक आधी येतो आणि अक्षर नंतर. साहित्याच्या अभ्यासकांनी या क्रमाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवहार एकाच डोळ्याने चालतो, आणि दुसरा डोळा अधू असल्याची कबुली आपण काहीशा कौतुकानेच देतो. 'आकडेमोड हा आमचा प्रांत नव्हे' हे वाक्य विद्वानाच्या तोंडी शोभून दिसते. 'वाचन हा आमचा प्रांत नव्हे' असे मात्र कोणी अभिमानाने म्हणणार नाही.

उच्चशिक्षित व्यक्तीला साधा तोंडी हिशेब का जमत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न सामान्यतः गणिताच्या अध्यापकांकडे सोपविला जातो. त्याचा निम्मा भाग भाषेचा आणि मौखिक परंपरेचा आहे, म्हणून भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी त्याची दखल घ्यावयास हवी, असे येथे सुचवावयाचे आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हिशेब आणि गणित या दोन भिन्न गोष्टी होत. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, आपल्याला साधी बेरीजदेखील बिनचूक करता येत नाही, असे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. तेव्हा हिशेब चुकणे हे बुद्धिमांद्याचे लक्षण नव्हे. तथापि प्वाँकारे यांच्याजवळ गणिताची दृष्टी होती. आपल्यातील बहुसंख्य पदवीधरांजवळ ती दृष्टीही नाही आणि हिशेबही नाही, आणि म्हणून त्यांच्या उदाहरणाचा आधार आपल्याला घेता येत नाही.

२

अंकविषयक या असमर्थतेला नाव मिळून फार काळ लोटलेला नाही. अक्षरसाक्षरतेच्या जोडीने अंकसाक्षरतेसाठी स्वतंत्र इंग्रजी शब्द इंग्लंडमधील क्राउदर समितीच्या अहवालाने १९५९ साली रूढ केला. अमेरिकन गणितज्ञ जॉन अ‍ॅलन पॉलोस यांनी १९८८ साली अंकनिरक्षरतेवर एक लोकप्रिय पुस्तक लिहिले. सुशिक्षित मंडळी व्याकरणाच्या चुकीला हसतात आणि टक्केवारीच्या चुकीकडे दुर्लक्ष करतात, या विसंगतीवर त्यात नेमके बोट ठेवलेले आहे.

२००१ साली आयझॅक लिपकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यांनी चाचणीसाठी निवडलेली माणसे उच्चशिक्षित होती. त्यांची संख्या ४६३ होती. एक टक्का, पाच टक्के आणि दहा टक्के यांपैकी मोठा धोका कोणता, इतक्या सरळ स्वरूपाच्या प्रश्नांची उत्तरेही १६ ते २० टक्के लोकांनी चुकविली. प्रश्न वैद्यकीय निर्णयांच्या संदर्भातील होते. शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, एखादे औषध घ्यावे की नाही, हे ठरविताना रुग्णापुढे शेवटी आकडेच ठेवले जातात. जो ते आकडे वाचू शकत नाही, तो निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवितो; पदवी कितीही मोठी असली तरी त्यात फरक पडत नाही.

याच्या नेमके उलट चित्र बाजारात दिसते. ब्राझीलमधील रेसिफे या शहरात तेरेझिन्या न्यूनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाडीवर उभे राहून तोंडी हिशेब करताना या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आले. त्यांतील एका नारळ विकणाऱ्या मुलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एक नारळ ३५ चा, तर दहा नारळांचे किती? शाळेने शिकविलेली रीत म्हणजे पुढे शून्य देणे. मुलाने ती वापरली नाही. तीन नारळांचे १०५ हे त्याला पाठ होते. त्यात आणखी तीन मिळवून २१०, पुन्हा तीन मिळवून ३१५, आणि राहिलेला एक धरून ३५०, असा तो उत्तरापर्यंत गेला. दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांच्या अभ्यासातही असाच निष्कर्ष निघाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर द्युफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की प्रभृतींनी केलेला हा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातील मुलांना शाळेचे गणित येत नाही, आणि शाळेतील मुलांना बाजाराचे. दोन्ही ठिकाणी ज्ञान आहे. मात्र ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जात नाही.

आपल्या विद्वानांचा समावेश या दोन गटांपैकी दुसऱ्यात होतो, हे सांगावयास नकोच.

३

कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड रस्ते आहेत. तेथील भाजीच्या दुकानांतून हा भेद सहज पाहावयास मिळतो. समजा, एखाद्या भाजीचा भाव किलोला ४८ रुपये आहे आणि गिऱ्हाइकाला पावणेदोन किलो हवी आहे. गिऱ्हाईक पदवीधर असेल तर ते मनात एक कागद उभा करते, त्यावर ४८ आणि १.७५ एकाखाली एक लिहिते, गुणाकाराच्या ओळी मांडू लागते आणि हातचा विसरते. विक्रेती दोन किलोचे ९६ धरते, त्यातून पाव किलोचे १२ वजा करते आणि ८४ सांगते. आज दुकानात मोबाइलवरून पैसे चुकते करण्याचा फलक टांगलेला असतो आणि यंत्र हिशेब करून देते. ते दिलेल्या आकड्यांचा हिशेब बिनचूक करते. पण आकडाच चुकीचा दिला गेला, तर आलेले उत्तर असंभाव्य आहे हे कोणाला तरी मनात कळावे लागते. तोंडी हिशेबाचा खरा उपयोग हाच आहे.

पदवीधर कल्पनेत कागदावर लिहीत असतो, तर विक्रेती बोलत असते, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मानसशास्त्रातील संशोधनही याला पुष्टी देते. स्तानिस्लास द्युहाएन, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन व इंग्रजी अशा दोन भाषा जाणणाऱ्या व्यक्तींवर केलेले प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाले. नेमकी बेरीज ज्या भाषेत शिकविली, त्या भाषेत ती लवकर जमते आणि दुसऱ्या भाषेत विचारल्यास वेळ लागतो, असे त्यांत दिसून आले. अंदाजाच्या बाबतीत असा फरक पडला नाही. याचा अर्थ असा की अंदाज ही भाषेवाचून चालणारी शक्ती आहे, परंतु नेमका हिशेब शब्दांत साठविलेला असतो. 'सात आठे छप्पन' हे वाक्य आपण समजून घेऊन दर वेळी नव्याने सिद्ध करीत नाही. ते आपल्याला ऐकू येते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या भाषेलाच ठाऊक असावी असे वाटते. मराठीतील 'पाढा' हा शब्द 'पाठ' आणि 'पढणे' यांच्या कुळातील आहे. तमिळमध्ये पाढ्याला 'वाय्‌प्पाडु' म्हणतात, आणि त्यातील 'वाय्' म्हणजे तोंड. दोन्ही भाषांनी अंकांचे घर तोंडात मानले आहे.

४

हे घर कसे बांधले जात असे, याची माहिती आपल्या दोन्ही प्रदेशांच्या शिक्षणेतिहासातून मिळते. महाराष्ट्रात पंतोजीची शाळा होती. तेथे धूळपाटीवर अक्षरे गिरविली जात आणि संध्याकाळी घरोघर परवचा म्हटला जाई. परवच्यात स्तोत्रांच्या जोडीला पाढे असत आणि पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची मालिका येई. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आज मराठीच्या किती प्राध्यापकांना 'औट' या शब्दाचा अर्थ सांगता येईल, याचा विचार करण्यासारखा आहे.

तमिळ प्रदेशात घराच्या ओट्यावर भरणारी 'तिण्णै' शाळा होती. तेथील मुख्य पाठ्यपुस्तक 'एण्‌सुवडि', म्हणजे अंकांची पोथी. तीत अपूर्णांकांची सूक्ष्म शिडी होती : अर्ध्याला 'अरै', पावाला 'काल्', अष्टमांशाला 'अरैक्काल्', सोळाव्या भागाला 'मागाणि', विसाव्याला 'मा', ऐंशीव्याला 'काणि' आणि तीनशे विसाव्या भागाला 'मुंदिरि'. धान्य मोजणे, जमीन मापणे, मजुरी वाटणे या सर्व व्यवहारांसाठी ही शिडी लागे. मोठा विद्यार्थी, म्हणजे 'सट्टाम्‌पिळ्ळै', पुढे म्हणे आणि इतर मुले त्याच्या मागून म्हणत. मद्रासमध्ये एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतील धुळीवरचे लेखन पाहिले. मुलांनी मुलांना शिकविण्याच्या पद्धतीवर त्यांनी १७९७ साली पुस्तक लिहिले आणि ती 'मद्रास पद्धती' म्हणून इंग्लंडमध्ये गाजली. पुढे १८२२ साली गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी मद्रास इलाख्यातील देशी शाळांची मोजणी करविली आणि १८२६ साली तिच्यावर आपले टिपण लिहिले.

या शाळांवर 'घोकंपट्टी' असा शिक्का पुढील काळात बसला. तिच्यात छडीचा धाक होता आणि जातीची बंधनेही होती. तिचे सरसकट गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु स्मरण म्हणजे आकलनाचा अभाव, हे समीकरण तपासून पाहावे लागते. सेंथिल बाबू यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आरंभिक आधुनिक दक्षिण भारतातील अंक व मापे यांचा अभ्यास केला आहे. तिण्णै शाळेत स्मरण हीच शिकण्याची रीत होती आणि ती प्रत्यक्ष व्यवहाराशी बांधलेली होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पाठ केलेला पाढा गावात लगेच उपयोगात येई. व्यवहाराचा हा दुवा तुटल्यावर पाठांतर निर्जीव झाले, आणि मग निर्जीवपणाचा दोष पाठांतरावर ठेवला गेला.

दुवा तुटण्याची कारणे तीन दिसतात. पहिले कारण मापांचे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै होत असत. वजनमापांतही त्यानंतरच्या काही वर्षांत दशमान पद्धती आली. ही सुधारणा निःसंशय इष्ट होती. मात्र पावकी-पाऊणकीची दैनंदिन गरज तिने कमी केली. दुसरे कारण माध्यमाचे : हिशेब वाणीतून कागदावर गेला आणि कागदावरून यंत्रात गेला. तिसरे कारण भाषेचे आहे आणि त्याचा विचार थोडा सविस्तर करावयास हवा.

५

मराठी पाढ्यांची भाषा ही आपल्या नेहमीच्या मराठीहून निराळी आहे. 'दुणे', 'त्रिक', 'चोक', 'पंचे', 'सक' ही रूपे अन्यत्र क्वचितच भेटतात. 'दुणे' हे 'द्विगुण'चे, 'चोक' हे 'चतुष्क'चे आणि 'सक' हे 'षट्क'चे झिजलेले रूप होय. ग्रंथांत हरवलेली ही रूपे मुलांच्या तोंडी टिकून राहिली. भाषेच्या इतिहासाचा असा ठेवा क्वचित मिळतो. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत पाढ्यांना स्थान नाही. तमिळ वाङ्मयेतिहासाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. 'कणक्कदिगारम्'सारखा पद्यमय गणितग्रंथ असूनही तो साहित्याच्या वेशीबाहेरच राहिला.

संख्यांच्या नावांची तुलनाही उद्बोधक आहे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात व वीस नंतर. लिहिताना मात्र उलट. तमिळमध्ये 'इरुपत्तैंदु', म्हणजे वीस आणि पाच. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम तेथे एकच आहे. मराठीत 'पाऊण' म्हणजे पावाने उणे. तमिळमध्ये 'मुक्काल्' म्हणजे तीन पाव. 'एकोणीस', 'एकोणतीस', 'पावणेदोन' अशा शब्दांतून मराठी मन वजाबाकीने पुढच्या पायरीवरून मागे पाहते, तर तमिळ मन बेरजेने वर चढते. अर्थात हा नियम सरसकट नाही. तमिळमध्येही नव्वदाला 'तोण्णूऱु' म्हणतात आणि त्यात शंभराचा 'नूऱु' डोकावतो. नऊशेच्या 'तोळ्ळायिरम्'मध्ये हजाराचा 'आयिरम्' दिसतो. नऊ आले की तमिळ माणूसही पुढच्या पायरीकडे पाहतो.

महाराष्ट्रात या विषयावरून २०१९ साली मोठा वाद झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' या रूढ रूपाच्या जोडीला 'वीस एक' असे वाचन देण्यात आले. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले गोंधळतात, असे समितीच्या वतीने मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी सांगितले आणि दाक्षिणात्य भाषांचा दाखला दिला. विरोधकांना त्यात भाषेचा ऱ्हास दिसला. वादात दोन्ही बाजूंनी उत्साह होता. परंतु अन्य भाषांच्या अनुभवाची चर्चा त्यात फारशी झाली नाही. नॉर्वेने १९५१ साली 'पाच-आणि-वीस' ही पद्धत सोडून 'वीस-पाच' ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. जुनी रूपे तेथील बोलण्यातून अजूनही पूर्णपणे गेलेली नाहीत. शासनाने क्रम बदलला तरी तोंडात रुजलेली संख्या बदलावयास पिढ्या लागतात, हा त्या अनुभवाचा धडा होय.

आता आपल्या सुशिक्षिताकडे वळू. त्याने पहिले पाढे मराठीत किंवा तमिळमध्ये ऐकले, शाळेत मध्येच माध्यम बदलले, उच्च शिक्षण इंग्रजीत घेतले. बाजारात भाव तमिळमध्ये सांगितला जातो, पाढा मराठीत आठवतो आणि बेरीज इंग्रजीत सुरू होते. नेमका हिशेब भाषेला बांधलेला असेल, तर हा माणूस प्रत्येक पायरीवर भाषांतर करीत असतो. अनेक भाषांचा तो पंडित असतो आणि नेमके तेच त्याला येथे आड येते. आजच्या मुलांची अवस्था याहून बिकट आहे. त्यांना पाढे इंग्रजीत शिकविले जातात आणि घरी आजी 'सव्वाशे' म्हणाली की अर्थ विचारावा लागतो.

६

मैलापूरमध्येच या चित्राला छेद देणारे एक दृश्य दरवर्षी मार्गळी महिन्यात दिसते. येथील संगीतसभांत बसलेले श्रोते बहुधा उच्चशिक्षित असतात आणि त्यांचा हात मांडीवर बिनचूक ताल धरीत असतो. कर्नाटक संगीतातील लयीच्या बांधणीला 'कणक्कु' म्हणतात. तमिळमध्ये हिशेबालाही हाच शब्द आहे. आदितालाच्या एका आवर्तनात आठ अक्षरकाल. प्रत्येकाचे चार भाग धरले तर ३२ मात्रा. एखादा बोल तीनदा म्हणून समेवर यावयाचे आणि मध्ये दोन विराम ठेवावयाचे, तर दहा मात्रांचा बोल तीनदा आणि एकेका मात्रेचे दोन विराम असे ३२ होतात. आठाचा बोल आणि चारचार मात्रांचे विराम घेतले तरी ३२, आणि सहाचा बोल व सात-सातांचे विराम घेतले तरी ३२. मृदंगवादक असे हिशेब वाजविता वाजविता करतो, आणि जाणकार श्रोता समेच्या आधीच मान हलवितो.

हाच श्रोता भाजीच्या दुकानात ४८ ला पावणेदोनाने गुणताना अडखळतो, म्हणजे त्याची गणनशक्ती नष्ट झालेली नाही. जेथे अंक वाणीत, हातात आणि समूहात जिवंत आहे, तेथे ती उत्तम चालते. साहित्याच्या क्षेत्रातही असेच आहे. मोरोपंतांच्या गीतीच्या प्रत्येक अर्धात ३० मात्रा आहेत की नाहीत, हे छंदाचा अभ्यासक कानानेच ओळखतो.

७

मैलापूरमध्ये लुझ भागात न्यायमूर्ती रानडे यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ते स्थापन झाले. रानडे यांचे स्मरण मद्रासेत व्हावे, याला कारण त्यांचे अर्थशास्त्रीय आणि सामाजिक लेखन. त्यांच्या काळातील विद्वत्तेत अंक आणि अक्षर यांची फारकत झालेली नव्हती. दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते आणि देशाच्या दारिद्र्याचे त्यांचे विवेचन आकड्यांवर उभे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले, आणि १९०२ साली कायदेमंडळात अर्थसंकल्पावर केलेल्या भाषणाने सरकारचे शिल्लकीचे चित्र तपासून दाखविले. टिळकांचा 'ओरायन' (१८९३) हा ग्रंथ वेदकालनिर्णयाचा असला तरी तो नक्षत्रांच्या गणनेवर आधारलेला आहे. सत्तेला जाब विचारण्यासाठी वाक्य जसे लागते तसा हिशेबही लागतो, हे या पिढीने ओळखले होते.

आपल्या स्वतःच्या शास्त्रातही अंक पदोपदी येतो. 'ज्ञानेश्वरी'चा शके १२१२ म्हणजे इसवी १२९०, कारण शकात ७८ मिळवावयाचे. पण पौष-माघ-फाल्गुनातील घटना असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. तमिळनाडूत रूढ असलेल्या तिरुवळ्ळुवर वर्षासाठी इसवी सनात ३१ मिळवितात. साठ संवत्सरांच्या चक्रात नुसते संवत्सराचे नाव मिळाले तर साठ वर्षांच्या अंतराने अनेक उत्तरे संभवतात. या साध्या बेरजा टाळल्यामुळे एका ग्रंथाचा काल एका वर्षाने चुकतो, दुसरा त्यावरून उतरवून घेतो आणि चूक परंपरा बनते.

तेव्हा काय करावे? पंतोजीची छडी परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. भारतीय भाषांच्या विभागांनी पाढे, एण्‌सुवडि आणि मापांची नावे यांचे संकलन मौखिक वाङ्मय म्हणून करावे. ज्यांना औटकी तोंडपाठ आहे अशी माणसे आता थोडी आहेत आणि ती वृद्ध आहेत. ही ध्वनिमुद्रणे आजच झाली पाहिजेत. दुसरी गोष्ट संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमाची : त्यात कालगणनेचे आणि टक्केवारीचे तोंडी हिशेब असावेत, आणि ते विद्यार्थ्याने ज्या भाषेत पाढे शिकले त्या भाषेत करण्याची मुभा असावी. तिसरी गोष्ट आपल्या बोलण्यातील आहे. 'मला आकडे जमत नाहीत' हे वाक्य विद्यार्थ्यांसमोर सहज उच्चारले जाते. ते ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला अंकाविषयीची उदासीनता हा विद्वत्तेचा अलंकार वाटू लागतो. निदान ते वाक्य उच्चारण्याआधी प्राध्यापकांनी एकदा सव्वाशेची पाऊणपट मनात करून पाहावी.